धारोष्ण

दुधाला फॅट चांगली लागली की डेअरीवाला खूश होतो. माझ्या नवऱ्याच्या लिव्हरला फॅट लागली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी त्याला घरी पाठवलं. आधी वजन उतरवा, म्हणाल्या. असल्या लिव्हरचा तुकडा मी मुलीला बसवणार नाही.

"आपल्या घराण्यात फॅट कमी करायला सांगणारं हे पहिलंच माणूस," माझा दीर म्हणाला. गावातलं दूध गोळा करून शहरात पोचवणारा टेम्पो तो चालवतो, आणि तोंड त्याहून जास्त चालवतो. "दादा, तू गिऱ्हाइकासाठी करतोस तेच कर. थोडं पाणी घाल."

नवरा हसला. आत्या हसली नाही. आत्या म्हणजे माझी सासू. माझ्या वडिलांची सख्खी बहीण, म्हणून आत्या. लग्नानंतरही मी तेच म्हणत राहिले.

"पुरुषाच्या पोटातून काढायचं आणि पोरीच्या पोटात घालायचं," ती म्हणाली. "हे काय बाळंतपण आहे?"

"बाळंतपणच," दीर म्हणाला. "फक्त पोर आधी झालंय."

माझा रक्तगट मुलीशी जुळत नव्हता. दिराचाही नाही. आत्याचं वय उलटून गेलेलं. राहिला एकटा नवरा.

मुलीला आम्ही मुंगी म्हणतो. साखरेच्या डब्यापाशी सापडते म्हणून. तिला जे झालं होतं त्याचं नाव एवढं लांब की घरात सगळे त्याला नुसतं 'ते' म्हणत. आपण दूध पितो, अंडी खातो, कडधान्यं खातो. ते पचताना शरीरात एक विष तयार होतं आणि लिव्हर ते धुऊन काढतं. मुंगीच्या लिव्हरमध्ये ते धुणारं रसायन जन्मापासूनच नव्हतं. विष रक्तात साठायचं आणि मेंदूवर चढायचं. म्हणून तिचं जेवण मी तराजूवर तोलायची. बटाटा, फळं, तेल, साखर, थोडा भात, दवाखान्यातली पावडर, आणि एक औषध, ज्याचा वास चपलेच्या तळव्यासारखा. दूध नाही. दुधाच्या घरात जन्मलेल्या पोरीला दूध नाही.

खरं तर तिनं दूध कधी मागितलंच नाही. आजार कळायच्या आधी, वर्षाची असल्यापासूनच, पेला समोर आला की तोंड फिरवायची, दात आवळून धरायची.

"हट्टी आहे," आत्या म्हणायची. "आईवर गेलीय."

आईचा हट्ट म्हणजे काय, तर कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला असताना मी लग्नाला नको म्हणाले होते. आत्या आमच्या घरी येऊन बसली होती. तिनं माझी हनुवटी धरली, अंगठा गालावर रुतेपर्यंत, आणि प्रेमानं म्हणाली, "नको काय म्हणतेस? परक्या घरी थोडीच चाललीयस? माझ्याच घरी तर येतेयस." माझे वडील खाली बघून बसले होते. पुढची परीक्षा मी या घरातून जाऊन दिली.

पहिल्या तपासणीत डॉक्टरीणबाईंनी विचारलं होतं, "घरात कुणाचं मूल तान्हेपणी गेलंय का?"

"नाही," आत्या म्हणाली. लगेच म्हणाली.

"हा आजार दोन्ही बाजूंनी आला तरच होतो. आई-वडील नात्यातले आहेत, म्हणून विचारते."

"आमच्या रक्तात काही नाही," आत्या म्हणाली आणि माझ्याकडे बघितलं. जसं काही माझ्या बापाचं रक्त आणि तिचं रक्त वेगवेगळ्या विहिरींतून काढलं होतं.

तो उन्हाळा नवऱ्यानं वजन उतरवण्यात घालवला. वैरण तोडायच्या यंत्राची मोटर त्यानं सोडवून ठेवली आणि चाक हातानं फिरवायला लागला. उन्हानं पत्रे तडतडायचे. गाई जिभा काढून उभ्या असायच्या, दूध निम्म्यावर आलेलं. तो चाक फिरवतोय, घामानं पाठ चकाकतेय, आणि बाजूनं जाणारा प्रत्येक माणूस थांबून विचारतोय, "कितवा महिना लागला?" त्यानं साय सोडली, लोणी सोडलं, गोड सोडलं. जेवायला बसला की ताटाकडे असा बघायचा, जसं वैरण संपलेल्या गव्हाणीकडे जनावर बघतं. गाभण गाईचं पोट बघावं तसं मी त्याचं पोट रोज बघत होते, फक्त उलट्या बाजूनं. पट्ट्याला नवं भोक पडलं की मी ते मुंगीला दाखवायची. त्या उन्हाळ्यात मला तो फार आवडत होता.

आत्या मात्र वाळत चाललेल्या मुलाकडे बघून धुसफुसत होती. "पोरीला दूध नाही, बापाला साय नाही. लोक विचारतात, विकून काय बांधणार आहात?" मी तिच्या हाताखाली कामाला लागायची. काम करताना तिच्याशी बोलायला लागत नाही. कामात तिच्यासारखं कुणी नाही. आजारी वासराला औषध पाजायचं तर दोन माणसं लागतात. तिला एकटीला जमतं. वासराचं डोकं काखेत धरायचं, जबड्याच्या कोपऱ्यात अंगठा घालायचा, की तोंड आपोआप उघडतं. मग नळी. वासरू डोळे पांढरे करतं, गिळतं, सुटतं. मुंगी हे दारात बसून बघायची आणि स्वतःचं तोंड मिटून घ्यायची.

उन्हाळा सरता सरता तपासणी झाली. डॉक्टरीणबाईंनी कागद बघितला, नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "छान. तुम्ही केलंत." त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. सोमवारी भरती, बुधवारी ऑपरेशन. "फक्त तोवर तिला जपा," त्या मला म्हणाल्या. "ताप नको, उलटी नको, खाण्यात काही इकडचं तिकडं नको. विष चढलं तर मला ऑपरेशन करता येणार नाही."

मी हे घरी येऊन सांगितलं. सगळ्यांना बसवून सांगितलं. आत्या मान डोलावत होती.

पैशाची गोष्ट इथे सांगत नाही. दोन दुभत्या गाई गेल्या आणि एका ट्रस्टनं उरलेलं भरलं, एवढं पुरे.

शनिवारी-रविवारी मी कपडे उकळत होते, डबे धूत होते, बॅग भरत होते. शेजारीण येऊन बसली. "एवढुशा जिवाला फाडण्यापेक्षा," ती म्हणाली, "तरुण आहेस, दुसरं होईल की." मी तिला म्हटलं, "चूल पेटलेली आहे, जरा सरका, भाजेल." ती सरकली, उठली नाही.

रविवारी दुपारी मुंगीनं बटाटा ढकलला. उन्हामुळे असेल, असं वाटलं मला. मग तिनं मला मारलं. पायावर, मुठीनं, काही कारण नसताना. मग ती उठून दाराकडे चालली आणि चालताना भिंत धरली, नुकतं उभं राहिलेलं वासरू चालतं तशी, पाय फाकवून. माझ्या हातातली बादली तिथेच राहिली.

"मुंगे, माझ्याकडे बघ."

तिनं बघितलं, पण माझ्या जरा बाजूला बघितलं. मग ओकली. जमिनीवर पांढऱ्या गाठी पडल्या. फाटलेल्या दुधाच्या. मी दुधाच्या घरात राहते. ते काय आहे हे मला कुणी सांगावं लागत नाही.

मी ओरडले नाही. तिला उचललं. दीर टेम्पोत कॅन चढवून निघतच होता. त्यानं माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि एक शब्द न बोलता फळी पाडली, भरलेले कॅन एकेक करून रस्त्याच्या कडेला उन्हात उतरवून ठेवले. गावभराचं दूध. "वजन नको गाडीला," तो म्हणाला. एवढंच. नवरा गोठ्यातून धावत आला, मागोमाग आत्या. आम्ही पुढे बसलो, ती दोघं मागे, रिकाम्या फळ्यांवर. टेम्पोला आंबट वास येत होता. मुंगीच्या ओठांत मी साखरेचं पाणी सोडत होते आणि ते तसंच बाहेर येत होतं. वाटेत तिला झोप लागली. ती झोप नव्हती, हे मला माहीत होतं. मी तिच्या पायाला चिमटे काढत होते आणि ती पाय ओढून घेत नव्हती.

दवाखान्यात तिला माझ्याकडून घेतलं, मानेत नळी घातली, रक्त धुणाऱ्या मशीनला जोडलं. डॉक्टरीणबाई रविवारच्या साध्या कपड्यांत आल्या.

"काय गेलं पोटात? किती?"

"मला माहीत नाही," मी म्हणाले आणि मागे वळले. "किती?"

आत्या भिंतीकडे बघत होती. तिच्या हाताला अजून शेणाचा वास होता.

"काल संध्याकाळी एक पेला," नवरा म्हणाला. "आज सकाळी अर्धा."

मला आधी नीट कळलंच नाही की उत्तर कुणी दिलं.

"तुला कसं माहीत?"

त्यानं तळहात शर्टाला पुसले.

"तू तिथं होतास?"

"धार काढत होतो."

"आणि?"

"आई म्हणाली, कापणार आहेत, अंगात ताकद नको का पोरीच्या. पेला धरला तिनं गाईखाली. मी भरला."

"उकळलेलंही नाही," डॉक्टरीणबाई हळू आवाजात म्हणाल्या, स्वतःशीच.

"धारोष्ण चांगलं असतं," आत्या म्हणाली.

"मला वाटलं," नवरा माझ्याकडे न बघता म्हणाला, "बुधवारी माझं लिव्हर बसणारच आहे तिला. मग सगळं धुऊन निघेल. दोन-चार दिवसांचा तर प्रश्न."

उन्हाळाभर त्यानं चाक फिरवलं होतं. साय सोडली होती. आणि शेवटी त्याच हातांनी पेला भरला, कारण आई म्हणाली. त्याला ना माझं ऐकू आलं होतं, ना डॉक्टरीणबाईंचं. ज्या आवाजाची त्याला लहानपणापासून सवय होती तेवढाच त्याच्या कानात शिरला होता.

"प्यायली ती? आपणहून?" मी आत्याला विचारलं.

आत्याचा उजवा अंगठा हलला. तिलाही कळलं नसेल तो हलला ते. मला कळलं.

"घरी जा," मी म्हणाले. "दोघंही जा. धारा राहिल्यात."

डॉक्टरीणबाईंनी मला बाजूला घेतलं. बुधवारचं ऑपरेशन रद्द. मेंदूला सूज आहे, ती उतरली तर पुढे बोलू. ती जागा दुसऱ्या मुलाला जाईल. "तुमच्या मिस्टरांना मात्र सांभाळा," त्या म्हणाल्या. "वजन वाढायला नको. तुमच्याकडे दुसरं कुणी नाही."

म्हणजे ज्याचं तोंड बघवत नव्हतं त्याच्याच पोटातला तुकडा मला हवा होता. त्याला दोन थोबाडीत मारून घराबाहेर काढण्याची सोय नव्हती. मी त्याला रोज फोन करायची.

"काय खाल्लंस?"

"सांगितलंयस तेच."

"वजन?"

"तेवढंच आहे. ती कशी आहे?"

"आहे."

मी फोन ठेवायची. बस. त्या आठवड्यांत आमचा सगळा संसार एवढाच होता. तो कधी म्हणायचा, "जरा थांब ना, ऐक तरी." मी थांबायची नाही. वाईट वाटलं की माणूस खातो किंवा खायचं सोडतो, आणि मला त्याचं दोन्ही चालणार नव्हतं. म्हणून फक्त एवढी काळजी घ्यायची की शिवी तोंडातून बाहेर पडू नये. ती मी गिळायची. माझं लिव्हर चांगलं आहे.

मुंगी जागी झाली तेव्हा तिनं मला ओळखलं. पाणी मागितलं. पण आमच्या गाईंची नावं तिला आठवेनात. ठिपकी, लंगडी, शिंगमोडी. आधी ती झोपेतही घडाघडा म्हणायची. मी मोबाइलवर फोटो दाखवले. ती प्रत्येकीला 'ती' म्हणाली. उजवा पाय जरा मागे राहायचा. "काही परत येईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. काही म्हणजे किती, ते मी विचारलं नाही.

दीर शहरात दूध टाकायला आला की खालून फोन करायचा. "वहिनी, तुमची स्वच्छ चादर आणलीय." एकदा म्हणाला, "दादा हल्ली बोलत नाही. गाईसुद्धा कंटाळल्यात त्याला." मी हसले नाही. तो म्हणाला, "बरं, नका हसू. मी आपला प्रयत्न केला."

दुसरी तारीख पावसाळ्याच्या मध्यावर मिळाली. नवरा आला तो पहिल्यापेक्षा बारीक होऊन. हिरव्या कपड्यात, चाकांच्या खाटेवर आडवा. त्याला आत नेणार तेवढ्यात त्यानं माझं मनगट धरलं.

"काहीतरी बोल."

माझ्याकडे बोलायला खूप होतं. मी त्याच्या पायांवरची चादर खाली ओढली. "आत थंडी असते," म्हणाले.

मग मुंगीला नेलं. दरवाजा मिटला. बाकावर मी आणि आत्या. तिला मी बोलावलं नव्हतं, दिराबरोबर आली होती. दीर चहा आणायला म्हणून गेला आणि बराच वेळ आला नाही. त्याला असल्या ठिकाणी बसवत नाही.

पाऊस खिडकीवर पडत होता. आत्याचे हात मांडीवर होते. रिकामे हात तिला शोभत नाहीत.

"माझ्या दोन गेल्या," ती म्हणाली.

मी वळले नाही.

"हा व्हायच्या आधी. मुलीच. धष्टपुष्ट जन्मलेल्या. तिसऱ्या-चौथ्या दिवशी तोंड फिरवायला लागल्या. अंगाला लावून घेईनात. मग नुसत्या झोपायला लागल्या. सुईण म्हणाली, तुला दूधच पुरेसं नाही. उपाशी मारल्यास पोरी. सासू मरेपर्यंत तेच बोलली, गोठा भरलेला आणि हिची छाती कोरडी. कोरडी नव्हती गं माझी छाती. कपडे भिजायचे." तिनं नाक ओढलं. "म्हणून वाटायचं, हिच्या पोटात दोन घोट जाऊ देत. एवढंच वाटायचं."

मला तिची दया यायला हवी होती. आलीही असेल कुठेतरी खाली. पण वर जे होतं ते वेगळं होतं.

"डॉक्टरीणबाईंनी विचारलं, तेव्हा नाही का म्हणालीस?"

"तुझा दीर लग्नाचा आहे. पोरं दगावतात असल्या घरात मुलगी कोण देतं?"

"माझ्या बापानं दिली की."

तिनं पदर मांडीवर सारखा केला.

"त्याला माहीत होतं?"

"दुसरीच्या वेळी तोच होता," आत्या म्हणाली. "खड्डा त्यानंच खणला."

मी उठून खिडकीपाशी गेले. खाली वाहनतळात आमचा टेम्पो उभा होता आणि दीर त्याच्या पायरीवर एकटा बसून भिजत होता. खाली बघून बसलेले माझे वडील मला दिसले. माझी हनुवटी आत्याच्या हातात, आणि ते जमिनीकडे बघतायत. मला वाटलं होतं, लाजतायत.

दरवाजा उघडला तेव्हा बाहेर दिवेलागण होत आली होती. दोघंही जिवंत. तुकडा बसला, रंग आला. आत्या रडायला लागली. मी तिला पाणी दिलं. पेला तिच्या हातात दिला, तोंडाला लावला नाही.

आता मुंगी घरी आहे. सकाळ-संध्याकाळ गोळ्या, त्या आयुष्यभर. गोठ्याकडच्या बाजूला मी जाळीचं दार बसवून घेतलं, ते बंदच असतं. जनावरांच्या घाणीतून तिला काही लागायला नको. ती जाळीला नाक लावून उभी राहते. ठिपकीचं नाव परत आलं. शिंगमोडीचं नाही. पाय अजून ओढते. नवऱ्याच्या पोटावर आडवा वण आहे. कित्येक दिवस त्याला बादली उचलायची मनाई होती, धारा दीर काढायचा आणि गाई लाथा मारायच्या. आता तो परत धारांना बसतो, पण मध्येच थांबून श्वास घेतो. आम्ही बोलतो. जेवायला वाढते, औषधाची आठवण करून देते. त्या उन्हाळ्यातलं काही अजून परत आलेलं नाही.

डॉक्टरीणबाईंनी मागच्या वेळी सांगितलं, आता तिला सगळं द्या. अंडं द्या, दूध द्या, नीट उकळून. नवं लिव्हर धुवेल. मी हे घरी येऊन सांगितलं. पुन्हा सगळ्यांना बसवून.

दुसऱ्या दिवशी सकाळी आत्या पेला घेऊन आली. आधी मला दाखवला. "तीनदा उकळलंय," म्हणाली. "बघ, गार केलंय. देऊ?"

मी मान डोलावली. काय म्हणणार? दूध चांगलं होतं.

आत्या मुंगीसमोर उकिडवी बसली. जाळीपलीकडे नवरा धार काढत होता, चरवीत चुळुक चुळुक आवाज येत होता. पेला पुढे आला. मुंगीनं तोंड फिरवलं.

"नको."

"पी गं बाई. आता काही होत नाही."

"नको."

"एक घोट. आजीसाठी."

मुंगीनं दात आवळले. आत्याचा डावा हात तिच्या डोक्यामागे गेला, आणि उजव्या हातात पेला धरूनच अंगठा सुटा झाला, जबड्याच्या कोपऱ्याकडे निघाला. तिनं ठरवून केलं नाही. हातच तसे आहेत.

मी तिचं मनगट धरलं. घट्ट धरलं. हाडं लागली हाताला. दूध थोडं सांडलं, तिच्या आणि माझ्या बोटांवरून खाली गेलं.

"नको म्हणाली ना ती."

"अगं, पण आता चालतं—"

"चालतं. पण ती नको म्हणाली."

जाळीपलीकडचा आवाज थांबला. "दोन घोट तर—" नवरा म्हणाला. मी त्याच्याकडे बघितलं. त्यानं वाक्य तिथेच सोडलं आणि पुन्हा गाईला टेकला.

मी मनगट सोडलं नाही. आत्या माझ्याकडे बघत राहिली, मग माझ्या हाताकडे, मग अंगठ्याकडे. हळूहळू तो अंगठा पेल्यावर परत गेला. ती गुडघ्यावर हात टेकून उठली, जाळीचं दार उघडून गोठ्यात गेली आणि वासराच्या घमेल्यात पेला ओतला. वासरू आपणहून प्यायलं.

मुंगी ते बघत होती. तोंड अजून मिटलेलं होतं. मी तिच्यासमोर बसले, हात मागे घेऊन.

"काय हवंय तुला?" विचारलं.

तिनं चुलीकडे बघितलं.

"बटाटा," ती म्हणाली.

मी बटाटा उकडायला लावला. तराजू काढायला हात फळीवर गेला, आणि मग तसाच खाली आला.